शास्त्र देवप्रेरित आहे. त्याला एकाच भाषांतरात कोंडू नका

प्रति,
आदरणीय पाळकगण, वडील आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आपण काढलेले परिपत्रक मागच्या महिन्यात सगळ्या मंडळ्यांतून वाचून दाखवण्यात आले. उपासनेत, संडे स्कूलमध्ये आणि घरोघरच्या प्रार्थनासभांत यापुढे फक्त जुने मराठी भाषांतरच वाचावे, असा आदेश त्यात आहे. कारणही दिले आहे: ते भाषांतर अक्षरशः देवप्रेरित आहे आणि नंतर आलेली सोप्या मराठीतली भाषांतरे ही 'माणसांची पुस्तके' आहेत. ज्या शास्त्रपाठकांना आणि शिक्षकांना हे मान्य नसेल त्यांना सेवेतून मोकळे करावे, असेही पुढे म्हटले आहे. मी आपल्याला लेखी उत्तर पाठवले होते. त्याची पोच आली, पण उत्तर आले नाही. विषय माझ्या एकटीचा असता तर मी वाट पाहिली असती. पण हा आदेश प्रत्येक मंडळीला आणि प्रत्येक घराला लागू आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहे.

माझा ह्यात काय संबंध, ते आधी सांगते. मी आमच्या मंडळीत शास्त्रपाठ करते, संडे स्कूलच्या मोठ्या वर्गाला शिकवते आणि महिला मंडळाबरोबर, ज्यांना उपासनेला येणे जमत नाही त्यांच्या घरी जाते. मी वाढले ती जुन्या भाषांतरावरच. माझ्या वडिलांची प्रत आजही माझ्याकडे आहे. तिच्या कोऱ्या पानांवर घरातल्या सगळ्यांचे बाप्तिस्मे आणि लग्ने त्यांच्या अक्षरात लिहिलेली आहेत. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही' हे मला त्याच शब्दांत येते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बायकांपाशी ते स्तोत्र मी त्याच शब्दांत म्हणते, कारण त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत असतात. जुन्या भाषांतराविरुद्ध माझ्या मनात काहीही नाही. त्याच्या नावाने जे सांगितले जात आहे, ते मला मान्य नाही.

माझी पहिली हरकत शिकवणुकीबद्दल आहे, आणि तीच सगळ्यांत मोठी आहे.

शास्त्र देवप्रेरित आहे हे मी मनापासून मानते. पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ते सांगतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातही म्हटले आहे की संदेश माणसांच्या इच्छेने आला नाही, पवित्र आत्म्याने प्रेरित होऊन माणसे देवाकडून बोलली. ही प्रेरणा नेमकी कशी घडली याबद्दल ख्रिस्ती लोकांत वेगवेगळी मते आहेत आणि ती आजची नाहीत. देवाने शब्द न शब्द सांगितला आणि लेखकाने तो उतरवून घेतला, असे काही मानतात. काहींच्या मते शब्द लेखकाचेच होते, त्याच्या शिक्षणाचे आणि स्वभावाचे. पण देवाने त्याला असे चालवले की देवाला जे हवे तेच लिहिले गेले. काही जण प्रेरणा विचारांपुरती मानतात. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रकटीकरणावर जो दस्तऐवज काढला त्यात देव शास्त्राचा कर्ता आहे आणि माणसेही त्याची खरीखुरी लेखक आहेत, असे दोन्ही एकत्र धरले आहे.

मला ह्यातले दुसरे मत पटते, कारण शास्त्र स्वतःच तसे बोलते. आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध केला आणि मग व्यवस्थित लिहायला घेतले, असे लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल एके ठिकाणी म्हणतो की ही प्रभूची आज्ञा आहे, आणि लगेच पुढे म्हणतो की हे प्रभू नव्हे, मी सांगतो. अशी वाक्ये नुसती उतरवून घेणाऱ्याची नसतात. पण हे माझे मत झाले. आपल्यापैकी कोणी शब्दशः प्रेरणा मानत असतील तर त्यांच्याशी मी भांडणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की वरचे कोणतेही मत धरा, आपल्या परिपत्रकातली शिकवण त्यातून निघत नाही. शास्त्राच्या शब्दाशब्दावर भर देणाऱ्यांचेच पाहा. शास्त्र चुकांपासून मुक्त आहे असे ठासून सांगणारे एक निवेदन १९७८ साली शिकागो येथे काढण्यात आले. त्याच्या दहाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की प्रेरणा नेमकेपणाने बोलायचे तर मूळ लेखनाला लागू होते. नकला आणि भाषांतरे जितक्या अंशी मुळाशी प्रामाणिक असतात तितक्या अंशी ती देवाचे वचन असतात. सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासनाम्यातही हीच शिस्त आहे. इब्री आणि ग्रीक मूळ देवाने प्रेरित केले. पण सर्व लोकांना त्या भाषा येत नाहीत, म्हणून शास्त्र जिथे जिथे पोहोचेल तिथल्या लोकभाषेत ते उतरवले गेले पाहिजे, असे तो सांगतो. शास्त्राबद्दल इतकी कडक भूमिका घेणाऱ्यांनाही जे म्हणावेसे वाटले नाही, ते आपण एका परिपत्रकाने आमच्यावर विश्वासाची अट म्हणून घातले आहे.

आणि कोणती प्रत अक्षरशः प्रेरित समजायची? आज आपण जिला जुनी म्हणतो ती स्वतः सुधारित आवृत्ती आहे. तिच्या आधी मराठीत भाषांतरे झाली. मिशनरी विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने काम केले. मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापला गेला. पुढे मुंबईला अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये आपला नवा करार काढला. मग बायबल सोसायटीच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाषांतरकारांनी आधीच्यांचे शब्द तपासले, बदलले, पुन्हा तपासले. ह्यातल्या कोणत्या छपाईपाशी प्रेरणा येऊन थांबली? आदल्या छपाईत जे वेगळे होते ते प्रेरित नव्हते का? त्या माणसांना आपले काम संपले असे वाटले असते तर आपल्या हातातली ही प्रत निघालीच नसती.

दुसरे असे की शास्त्र भाषांतराकडे कसे पाहते, याचा विचार परिपत्रकात कुठेच नाही.

येशू रोजच्या बोलण्यात अरामी बोलत होता. शुभवर्तमाने ग्रीकमध्ये आहेत. म्हणजे डोंगरावरचे प्रवचन आपल्या हाती पहिल्यांदा पडले तेच भाषांतर होऊन. मार्क मधूनच मूळ आवाज तसाच ठेवतो. याईराच्या मुलीचा हात धरून येशू 'तलीथा कूम' म्हणतो, आणि मार्क लगेच सांगतो की ह्याचा अर्थ 'मुली, मी तुला सांगतो, ऊठ' असा आहे. बहिऱ्या माणसाला तो 'एफफाथा' म्हणतो. तिथेही मार्क अर्थ देतो, 'मोकळा हो'. वधस्तंभावरच्या 'एलोई, एलोई' ह्या आरोळीचेही तसेच. प्रभूच्या तोंडचे शब्द जपावेत आणि वाचणाऱ्याला ते समजावेतही, अशी दोन्हींची काळजी त्याने केली.

नव्या करारातले लेखक जुन्या करारातले उतारे देतात तेव्हा पुष्कळदा ते सेप्टुअजिंट ह्या ग्रीक भाषांतरातून देतात. ख्रिस्ताच्या आधी तिसऱ्या शतकापासून इजिप्तमध्ये ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांसाठी ते तयार होत गेले. ते इब्री मुळाशी सगळीकडे जुळत नाही. आपण आपल्या त्याच जुन्या प्रतीत चाळिसाव्या स्तोत्राचे सहावे वचन आणि इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायाचे पाचवे वचन शेजारी शेजारी ठेवून वाचावे. स्तोत्रात देवाने कान उघडल्याची गोष्ट आहे, पत्रात तेच वचन देताना देवाने शरीर सिद्ध केल्याचे म्हटले आहे. कारण पत्रलेखकापुढे ग्रीक होते. प्रेरित लेखकाने भाषांतर उचलले आणि त्यावर ख्रिस्ताच्या देहार्पणाची शिकवण उभी केली. एका भाषेतली अक्षरे हीच प्रेरणा असती, तर हे पान शास्त्रात कसे राहिले असते?

तीमथ्याचेही पाहा. पौल त्याला म्हणतो, तुला बाळपणापासून पवित्र शास्त्राची माहिती आहे; आणि त्याच दमात सांगतो की शास्त्र देवप्रेरित आहे. तीमथ्याचा बाप ग्रीक, आई यहूदी. अशा घरातल्या मुलाने वाचलेले शास्त्र बहुधा ग्रीक भाषांतरच असणार. पौलाने त्याला कुठेही सांगितले नाही की तुझ्या हातातले ते खरे नव्हे.

आणि यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय. माझ्या वर्गातल्या मुलांना तो फार आवडतो, आणि मला वाटते ह्या सगळ्या प्रश्नावर त्याच्याइतके बोलके पान दुसरे नाही. यिर्मया सांगतो, बारूख शाईने पटावर उतरवून घेतो. तो पट यहोयाकीम राजापुढे वाचला जातो. हिवाळा आहे, पुढे शेगडी पेटलेली आहे. तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा भाग चाकूने कापून विस्तवात टाकायचा, असे करत अख्खा पट जळतो. अगदी पहिली, बारूखाच्या हातची प्रत राख झाली. मग देव यिर्मयाला दुसरा पट घ्यायला सांगतो. बारूख पुन्हा लिहितो. शेवटच्या वचनात नोंद आहे की पहिल्या पटातली सगळी वचने त्यात आली, आणि शिवाय तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. देवाने ती राख गोळा करायला सांगितले नाही. त्याला आपले म्हणणे लोकांच्या कानांवर पडायला हवे होते, आणि त्यासाठी नवा पट चालला.

बंदिवासातून परतलेल्या लोकांपुढे एज्राने नियमशास्त्र वाचले तेव्हा लेव्यांनी ते स्पष्ट करून, अर्थ सांगून वाचले. लोकांना समजले, ते रडले आणि मग त्यांनी आनंद केला. पेंटेकॉस्टच्या दिवशी जो तो आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकत होता. ह्यावर आपल्या व्यासपीठावरून मी कितीतरी उपदेश ऐकले आहेत. परिपत्रक लिहिताना ते उपदेश कुठे गेले?

हा वाद जुना आहे, आणि ज्यांनी तो आपल्याआधी घातला त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम ह्या विद्वानाने लॅटिन शुभवर्तमाने ग्रीकवरून तपासायला घेतली तेव्हाच त्याने लिहून ठेवले की लोक मला भेसळ करणारा म्हणतील. पुढे त्याने जुना करार थेट इब्रीवरून लॅटिनमध्ये आणला. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याला ते रुचले नाही. सत्तर भाषांतरकारांच्या ग्रीक प्रतीत, म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये, तोच पवित्र आत्मा होता असे तो मानत होता. आपली भूमिका ज्याच्या जवळ जाते असा हा फार मोठा माणूस आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. त्यानेच जेरोमला पत्रातून कळवले की उत्तर आफ्रिकेतल्या ओइआ गावी एका बिशपने योनाचे पुस्तक नव्या भाषांतरातून वाचले आणि मोठा गदारोळ झाला. योनावर सावली धरणाऱ्या झाडाचे नाव बदलले होते, पिढ्यान्‌पिढ्या कानांत बसलेला शब्द राहिला नव्हता. मंडळी सोडून जाते की काय अशी वेळ आली, तेव्हा त्या बिशपने शब्द मागे घेतला.

त्या लोकांचे दुःख मला कळते. ऐकत ऐकत आपण ज्या शब्दांबरोबर म्हातारे होतो ते कोणी बदलले की लागते. पण ऑगस्टीननेही पुढे काय लिहिले ते पाहा. इब्रीत आहे आणि ग्रीकमध्ये नाही, ते आत्म्याने संदेष्ट्यांच्या मुखाने सांगितले. ग्रीकमध्ये आहे आणि इब्रीत नाही, ते त्याच आत्म्याने भाषांतरकारांच्या द्वारे सांगितले, असे त्याचे म्हणणे होते. भाषांतराला प्रेरित म्हणणाऱ्या ह्या माणसाने दुसरा पाठ मात्र टाकून दिला नाही. आपण सगळेच टाकून द्यायला सांगता.

जेरोमचे तेच भाषांतर, ज्यावर गावात दंगा झाला, ते पुढे पश्चिमेकडच्या चर्चला इतके प्रिय झाले की १५४६ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने त्याला अधिकृत ठरवले. पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५९० मध्ये त्याची प्रमाण प्रत छापून घेतली. ते वारले, ती प्रत मागे घ्यावी लागली, आणि १५९२ मध्ये पोप क्लेमेंट आठवे यांच्या काळात दुरुस्त केलेली दुसरी निघाली. आणि १९४३ मध्ये पोप पायस बारावे यांनी खुलासा केला की ट्रेंटने दिलेली मान्यता विश्वास आणि नीती यांच्या बाबतीत भरवशाचे म्हणून दिली होती. मूळ भाषांकडे पाठ फिरवावी असा तिचा अर्थ नव्हता. आपण प्रॉटेस्टंट मंडळींनी ट्रेंटच्याही पुढे जावे, ह्याचे मला वाईट वाटते. इंग्रजी भाषांतरकार टिंडेल याला १५३६ मध्ये गळा आवळून मारून त्याचे शरीर जाळले, ते शास्त्र लोकांच्या बोलीत आणण्याच्या कामापायी. आपण त्याच्या बाजूचे म्हणवतो.

इंग्रजीतही एक भाषांतर आहे, १६११ सालचे किंग जेम्स भाषांतर, ज्यालाच खरे शास्त्र मानणारे लोक आजही आहेत, आणि परिपत्रकातले पुष्कळसे मुद्दे त्यांच्याच लिखाणातले दिसतात. त्या भाषांतराची प्रस्तावना मात्र हल्ली बहुतेक प्रतींत छापत नाहीत. भाषांतरकार तिच्यात लिहितात की राजाचे भाषण दुसऱ्या भाषांत नेले, तिथे ते तितके डौलदार उतरले नाही, तरी ते राजाचेच भाषण राहते. त्याचप्रमाणे साध्यातले साधे भाषांतरही देवाचे वचनच आहे. अर्थ शोधायला निरनिराळी भाषांतरे उपयोगी पडतात, असेही ते म्हणतात. त्यांनी समासात पर्यायी अर्थ छापले. ज्या पुस्तकाच्या नावाने बाकीची सगळी भाषांतरे बाद केली जातात, त्या पुस्तकाच्या कर्त्यांनी हे लिहून ठेवले आहे.

आपल्या मराठीत ह्याहून जवळचे उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कित्येक वर्षे इब्री आणि ग्रीक शिकून मुळावरून भाषांतर करण्यात घालवली. संस्कृतावर एवढा अधिकार असलेल्या बाईंनी मुद्दाम साधी मराठी धरली, फारसे न शिकलेल्या बायकांना कळावे म्हणून. त्या १९२२ मध्ये वारल्या. मुक्ती मिशनच्या छापखान्यातून संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले, आणि त्याच्या छपाईचे काम तिथल्या बायकांनी केले. आपले परिपत्रक शब्दशः पाळले तर रमाबाईंचे भाषांतर आपल्या उपासनेत वाचता येणार नाही. त्यांच्या स्मृतिदिनी आपण त्यांचे गुणगान करणार आणि त्यांचे पुस्तक 'माणसाचे पुस्तक' म्हणून बाजूला ठेवणार का?

तिसरी हरकत 'वचने काढून टाकली' ह्या आरोपाबद्दल आहे. परिपत्रकात तो एका वाक्यात येतो, पण लोकांच्या मनात सगळ्यांत जास्त भीती त्यानेच बसवली आहे. मोबाइलवर फिरणारे संदेश मलाही रोज येतात. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय, सदतिसावे वचन उघडा, ते नव्या बायबलात नाही, शत्रूने काढले, असे त्यात असते. वर्गातल्या एका मुलाने मला हेच रडवेल्या तोंडाने विचारले.

खरी गोष्ट अशी आहे की छपाई सुरू होण्याआधी चौदाशे वर्षे नवा करार हाताने उतरवला जात होता, आणि उतरवताना माणसांच्या हातून फरक पडले. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या भाषांतरकारांपुढे थोडी आणि बरीच उशिराची ग्रीक हस्तलिखिते होती. नंतर चौथ्या शतकातली सायनाय आणि व्हॅटिकनची हस्तलिखिते अभ्यासकांना मोकळी झाली. कृत्यांतले ते सदतिसावे वचन, म्हणजे हबशी खोजाची कबुली, जुन्यात जुन्या ग्रीक प्रतींत आढळत नाही. मार्काच्या शेवटच्या अध्यायातली बारा वचने सायनाय आणि व्हॅटिकनच्या प्रतींत नाहीत. योहानाच्या पहिल्या पत्रातले स्वर्गातल्या तीन साक्षींचे वाक्य इरॅस्मस ह्या अभ्यासकाने आपल्या १५१६ आणि १५१९ च्या ग्रीक छपाईत घेतले नव्हते, कारण त्याला ते ग्रीक प्रतींत दिसले नाही. ओरड झाल्यावर १५२२ मध्ये घातले. म्हणजे ते काढले कोणी, असा प्रश्न विचारण्याआधी ते घातले कधी, हा प्रश्न विचारावा लागतो. चांगली नवी भाषांतरे हे लपवत नाहीत; तळटीप देऊन सांगतात. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, पुनरुत्थान ह्यांतली कोणतीही शिकवण ह्या वचनांवर एकट्यावर उभी नाही. हे मंडळीला समजावून सांगणे हे पाळकांचे काम होते. आपण धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात हे शिकला आहात. शिकलेले लोकांपासून का ठेवता? उद्या कॉलेजात कोणीतरी आपल्या मुलांना हीच माहिती विश्वास मोडायच्या हेतूने सांगेल, आणि मुले म्हणतील की मंडळीने आम्हाला फसवले.

चौथी गोष्ट वागणुकीची. परिपत्रक निघाल्यानंतरच्या एका रविवारी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी शास्त्रपाठाला उभी राहिली. यशयातला उतारा होता. तिने सोपे भाषांतर घेतले होते. दोन वचने झाली असतील, पुढच्या बाकावरून एक वडील उठले, हात वर करून तिला थांबवले आणि जुनी प्रत तिच्यापुढे उघडी ठेवली. तिने बोट फिरवत जागा शोधली आणि उरलेले अडखळत वाचले. उपासना संपल्यावर ती कोणाशी न बोलता निघून गेली. पुढच्या यादीत तिचे नाव नव्हते. तिला कोणी काही विचारले नाही, समजावले नाही. देवाचे वचन चालू असताना ते थांबवले गेले, ह्याची बोच मला अजून आहे.

आणि हा निर्णय झाला कसा? वार्षिक सभेत विषय नव्हता. मंडळ्यांकडून मत मागवले नाही. महिला मंडळाला, तरुण संघाला, संडे स्कूलच्या शिक्षकांना विचारले नाही. शिकवणुकीचा एवढा मोठा बदल आम्हाला व्यासपीठावरून ऐकून कळला.

आपली काळजी सगळीच चुकीची आहे असे मी म्हणत नाही. सगळी भाषांतरे सारखी नसतात. काही भावार्थ देतात आणि त्यात भाषांतरकाराचा स्वतःचा अर्थ मिसळतो. काहींत पंथाची शिकवण मुळावर लादलेली दिसते. फोनवर तर कोणी केले, कोणत्या मुळावरून केले, याचा पत्ता नसलेले मजकूरही मिळतात. ह्यावर लक्ष ठेवायलाच हवे. पण त्यासाठी मुळाशी ताडून पाहावे लागते. एक प्रत प्रेरित आहे असे जाहीर केले की ताडून पाहण्याची वाटच बंद होते, आणि त्या प्रतीत चूक असली तरी ती मग देवाच्या नावावर जाते.

दृढीकरणाच्या वर्गात इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय घेतला होता. तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे आणि जुन्या भाषांतराने ती लांबण पुष्कळशी जपली आहे. मुलांनी ते मोठ्याने वाचले. पौल देवाची स्तुती कशासाठी करतो आहे, असे विचारले तर कोणालाच सांगता येईना. मग तोच भाग आम्ही सोप्या भाषांतरात वाचला. एक मुलगा एकेक बोट मोडत सांगायला लागला: निवडले, दत्तक घेतले, सोडवले, क्षमा केली, शिक्का मारला. त्यानंतर आम्ही पुन्हा जुने काढले, आणि ह्या वेळी ते त्यांना कळले. त्याचा भारदस्तपणाही आवडला. आता परिपत्रकाप्रमाणे ह्यातली मधली पायरी मला घेता येणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. परिपत्रकातले 'अक्षरशः देवप्रेरित भाषांतर' आणि 'माणसांची पुस्तके' हे शब्द लेखी मागे घ्यावेत, आणि मूळ शास्त्र प्रेरित आहे, प्रामाणिक भाषांतर हे देवाचे वचन म्हणून वाचावे, अशी शिकवण मंडळ्यांतून स्पष्ट करावी. उपासनेत जुने भाषांतर मुख्य म्हणून ठेवायचे असेल तर ठेवावे, त्याला माझी हरकत नाही. पण शिस्त म्हणून ठेवावे, विश्वासाची अट म्हणून नको. संडे स्कूल, दृढीकरणाचे वर्ग आणि घरभेटी यांत शिक्षकांना भाषांतर निवडू द्यावे. कोणती भाषांतरे भरवशाची आहेत हे ठरवायला इब्री-ग्रीक जाणणारे पाळक आणि शिक्षक यांची समिती नेमावी, तीत बायका आणि तरुण असावेत, आणि तिने आपली कारणे मंडळ्यांना कळवावीत. हस्तलिखिते आणि पाठभेद यांवर प्रत्येक मंडळीत निदान एक अभ्याससभा घ्यावी. ज्यांची नावे शास्त्रपाठाच्या आणि शिक्षकांच्या यादीतून काढली ती परत घालावीत, आणि ज्या मुलीला मध्येच थांबवले तिच्या घरी जाऊन कोणीतरी तिच्याशी बोलावे.

ह्या विषयावर वार्षिक सभेत चर्चा ठेवावी आणि तोपर्यंत परिपत्रकाची अंमलबजावणी थांबवावी. सभेत माझे म्हणणे मांडायला मी तयार आहे. माझ्या एखाद्या वाक्यात शास्त्राविरुद्ध काही असेल तर ते अध्याय-वचनासह दाखवावे. घरभेटी मी चालू ठेवल्या आहेत, आणि ज्या घरी जे भाषांतर समजते ते मी वाचते. आपल्याला हे नियमाबाहेरचे वाटत असेल तर मला बोलावून विचारावे, मी येईन.

आपली ख्रिस्तभगिनी,
मंडळीतील एक शास्त्रपाठक व संडे स्कूल शिक्षिका